पेनथॉर्पचा जिना

स्टॅनवेल,
१९ ऑक्टोबर १९७९

प्रिय डॉर्कस,

आधी बातमी, मग बाकीचं. आपल्या रोझमंडला मुलगी झाली, मी आजोबा झालो. गेल्या शुक्रवारी दुपारी, चहाच्या वेळेला, आणि तुझ्या पेनथॉर्पच्या प्रसूतिगृहातच. वजन सव्वासात पौंड, डोक्यावर केस नाहीत, आवाज मात्र भरपूर. हल्ली सगळ्यांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची पद्धत आहे, पण रोझमंडने डॉक्टरला तोंडावर सांगितलं, "माझा जन्म पेनथॉर्पला झालाय, माझी पोरही तिथेच होणार." हा हट्ट तिने कुणाचा घेतला असं तू तरी विचारू नकोस. तिला या जगात ओढून आणणारे हात तुझेच होते. इडिथ असताना नेहमी म्हणायची, या मुलीने स्वभाव आईचा घेतला नाही, बापाचाही नाही, सुइणीचा घेतला.

तुझ्या बहिणीचं, बेरिलचं कंबरेचं दुखणं आता कसं आहे? समुद्राची हवा तिला मानवेल असं तू लिहिलं होतंस, पण ऑक्टोबरातली ती हवा कुणाला मानवते कोण जाणे. माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, बागेतल्या डेलियांना परवाच्या थंडीने झोडपलं, आणि मी अंडं उकडण्यापलीकडे स्वयंपाकात काही प्रगती केलेली नाही. पण आज मी हे सांगायला बसलेलो नाही. एक गोष्ट तुला सांगायची एकतीस वर्षं राहून गेली आहे. ती एका वाक्यात सांगता आली असती तर केव्हाच सांगितली असती. तू उतावीळ आहेस, शेवटचं पान आधी वाचशील. तरी विनंती करतो, या वेळी क्रमाने वाच.

अठ्ठेचाळीस सालच्या जूनमध्ये मी पेनथॉर्प हाउस पहिल्यांदा पाहिलं. कौन्सिलने ते घर प्रसूतिगृहासाठी विकत घेतलं होतं आणि इमारत तपासून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. फाटकातून आत शिरलो आणि सायकलवरून उतरून नुसता उभा राहिलो. मधोमध दार, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच खिडक्या. खालच्या मजल्याच्या खिडक्या उंच, त्यावरच्या त्याहून उंच, आणि सगळ्यात वरच्या अगदी चौकोनी, जणू घर वर जाता जाता आवाज हळू करत गेलंय. कुठे नक्षीचा सोस नाही. मापं जिथल्या तिथे बसवलेली, एवढीच काय ती श्रीमंती. मी पाहत असताना मागून तुझा आवाज आला, "नुसतं बघायचेच पैसे मिळतात का कौन्सिलकडून?" आपली ओळख ही अशी झाली. तेव्हा आपण एकमेकांना अहो-जाहो करत होतो, आणि त्या अहो-जाहोत तू जेवढं टोचून बोलायचीस तेवढं पुढे अरे-तुरेत कधी बोलली नाहीस.

तू मला घर दाखवायला निघालीस. वरच्या मजल्यावर डावीकडची दुसरी खोली कपडे ठेवायला छान आहे, बाहेरून खिडकी दिसते, म्हणजे उजेड असणार, असं तू सांगत होतीस, फक्त त्या खोलीचं दार काही तुला सापडलं नव्हतं. मी म्हटलं, तिथे खोलीच नाही. ती खिडकी खोटी आहे. मागे धुराडं आहे, पण दहा खिडक्यांच्या रांगेत एक जागा रिकामी दिसू नये म्हणून दगडावर चौकट आणि काचा रंगवल्या आहेत. तुझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला जरा जास्तच शहाणपणा चढला आणि त्याच तोऱ्यात मी गोल दिवाणखान्याचं डावं दार उघडायला गेलो. मूठ फिरेना. ते दारही खोटंच होतं, समोरच्या खऱ्या दाराला जोड म्हणून बसवलेलं. तू इतकी हसलीस की वरच्या घुमटातली कबुतरं उडाली.

आणि मग तो जिना. त्याच्याबद्दल तुला काय सांगू, तू पंचवीस वर्षं त्याच्यावरून दिवसातून वीसदा वर-खाली केलंस. पण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हातातली वही खाली पडली, हे तुझ्या लक्षात आलं होतं. तू त्याचा अर्थ असा घेतलास की मी त्याच्या देखणेपणाने थक्क झालो. देखणा तर तो आहेच. तेहतीस दगडी पायऱ्या, गोल भिंतीला धरून वळत वर जाणाऱ्या, खाली ना खांब ना कमान, एक टोक भिंतीत आणि दुसरं टोक नुसतं हवेत. वरून घुमटातला उजेड. पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी श्वास रोखलाय म्हणून हे उभं आहे.

त्यातली अकरावी पायरी तडकली होती. लढाईत त्या घरात सैनिक राहत होते. जाताना त्यांनी वरची लोखंडी तिजोरी जिन्यावरून खाली सोडली, ती मध्येच हातातून सुटली. बाकीच्या पायऱ्यांचे टवके गेले, अकरावीला मात्र भिंतीपासून वीतभर अंतरावर आरपार भेग पडली. मी दोन दिवसांत अहवाल लिहिला. घर उत्तम, छप्पर दुरुस्त करावं, जिना मात्र पूर्ण काढून टाकून तिथे सिमेंट आणि लोखंडाचा नवा करावा. वेळ लागेल अंदाजे चौदा महिने. नोकरांचा मागचा जिना इतका अरुंद होता की त्यावरून बाईला निजवून नेणं शक्य नव्हतं, त्यामुळे मोठा जिना होईपर्यंत प्रसूतिगृह बंद.

तो अहवाल तुझ्या हातात पडला त्या दिवशी तू माझ्या ऑफिसात आलीस. पाऊस होता, तुझ्या टोपीवरून पाणी माझ्या टेबलावर गळत होतं. "चौदा महिने," तू म्हणालीस, "म्हणजे आणखी एक हिवाळा. गेल्या वर्षी बर्फ पडला तेव्हा आयव्ही कोलच्या घरी पोचायला मला सात तास लागले, मिस्टर टेट. तीन मैल आणि सात तास. मी पोचले तेव्हा आयव्हीचा नवरा दारात उभा होता, आणि त्याने मला आत या असंही म्हटलं नाही, कारण आत येऊन काही उपयोग नव्हता." मी कायद्याचं काहीतरी पुटपुटलो. तू उठलीस आणि दारातून म्हणालीस, "तुम्हाला जिना पडायची भीती नाही. तुम्हाला तुमच्या सहीची भीती आहे." डॉर्कस, ते वाक्य मी जन्मात विसरलो नाही. कारण ते खरं होतं. तुला वाटलं त्यापेक्षा जास्त खरं.

दुसऱ्याच आठवड्यात तू एनॉक थर्लबीला माझ्यासमोर आणून उभं केलंस. सत्तरीचा पाथरवट, एक डोळा चुन्याने अधू झालेला, कोटाच्या खिशात कायम डुकराच्या चरबीचा पाव. त्याने जिन्याखाली जाऊन प्रत्येक पायरीवर हातोडीने हलकेच ठोकलं आणि कान देऊन ऐकलं, तुम्ही लोक बाईच्या पोटाला नळी लावून ऐकता तसं. मग मला म्हणाला, "साहेब, तुम्ही समजताय की ही पायरी भिंतीतून लटकलेली आहे. लटकलेली नाही हो. ही खालच्या पायरीच्या पाठीवर टेकलीय, ती तिच्या खालच्या. अशा सगळ्या मिळून जमिनीवर उभ्या आहेत. भिंत फक्त तिला कूस बदलू देत नाही." मी पाच वर्षं शिकून जे पानभर आकड्यांत मांडलं असतं, ते त्याने पाव चावता चावता सांगून टाकलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की अकरावी काढू, त्याच खाणीतल्या दगडाची नवी घडवू आणि बसवू. एक पायरी आजारी आहे म्हणून बत्तीस निरोगी पायऱ्या कशाला मारायच्या?

मी होकार दिला, पण तो मनापासून नव्हता. नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून दिला. जुलैभर एनॉक दगड घडवत होता. ऑगस्टमध्ये वरच्या पायऱ्यांना लाकडी टेकू देऊन त्याने तडकलेली पायरी काढली आणि नवी सरकवली. मी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. भिंतीतल्या खाचेत त्याने पाटीच्या दगडाच्या पाचरी मारल्या, चुना भरला. सिमेंट वापरू दिलं नाही. "सिमेंटला घाई असते," म्हणाला. चुना मुरायला तीन आठवडे गेले. टेकू काढले. मग मी जिन्यावर वाळूची पोती रचून सात दिवस ठेवली. अकरावीच्या टोकाला पेन्सिल बांधून शेजारी पट्टी उभी केली. पायरी केसभर जरी खाली आली तरी रेघ उमटली असती. सात दिवसांत रेघ उमटली नाही. तरी मी सही केली नाही. आणखी एक आठवडा पोती राहू द्या म्हटलं. मग आणखी एक. सप्टेंबर संपला. तू मला रस्त्यात भेटलीस तर नमस्कारही करेनाशी झालीस.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी पेन्सिल तपासायला पेनथॉर्पला आलो. पोर्चमध्ये सायकलींचा ढीग. आत शिरलो आणि पाहतो तर पोती भिंतीशी लावून ठेवलेली, आणि जिन्यावर माणसं. तळापासून वरपर्यंत, प्रत्येक पायरीवर दोन-दोन. चर्चमधले घंटा वाजवणारे, शाळेच्या बाई, पोस्टमन, तीन वयस्कर बायका विणकाम घेऊन. अकराव्या पायरीवर तू, आणि तुझ्या शेजारी होरेस डॉबनी खाटीक, गावातला सगळ्यात जाडजूड माणूस, डुकराच्या मांसाची पेस्ट्री खात. तू वरून ओरडलीस, "यांचं वजन काट्यावर करून घेतलंय, एकोणीस स्टोन, म्हणजे अडीचशे पौंडांच्या वर. पेस्ट्री धरून आणखी जास्त." सगळा जिना हसला.  खाली या, ताबडतोब खाली या, असं मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की कुणीही हललं नाही, आणि अकराव्या पायरीच्या बरोबर खाली, स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून, एनॉक पाइप ओढत बसला होता.

मी त्याच्याजवळ गेलो आणि ऊठ म्हणालो. तो उठला नाही. मग मी त्याच्याशेजारी फरशीवर बसलो. तुम्ही वर गाणी म्हणायला लागला होतात, त्यामुळे खाली आम्ही काय बोललो ते कुणाला ऐकू गेलं नाही. तूही मला कधी विचारलं नाहीस. ते आज सांगतो.

लढाईत मी लंडनमध्ये बचाव पथकावर होतो, हे तुला माहीत आहे. बॉम्ब पडलेल्या घरात शिरण्याआधी काय टिकेल आणि काय पडेल ते सांगायचं, हे माझं काम. एक्केचाळीसच्या एप्रिलमध्ये एका उंच जुन्या घरात दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी अडकली होती. जिना दगडी होता, असाच, एक टोक हवेत. मी पायऱ्या पाहिल्या. एकही तडकलेली नव्हती. पर्सी लूम नावाचा आमचा माणूस होता, मूळचा नळ दुरुस्त करणारा, सतत कसलीतरी चेष्टा करणारा. त्याने विचारलं, "काय सिरिल, जाऊ ना वर?" मी म्हटलं, "जा, पक्का आहे." पायऱ्या पक्क्याच होत्या. भिंत मात्र धक्क्याने दोन बोटं बाहेर सरकली होती, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. तो वळणावर पोचला तेव्हा एकामागोमाग एक सगळ्या पायऱ्या खाली आल्या, पर्सीसकट. म्हातारीला नंतर शिडी लावून खिडकीतून सुखरूप काढलं. चौकशी झाली, माझी चूक नाही असं लिहून दिलं गेलं. त्यानंतर "पक्का आहे" हे दोन शब्द माझ्या तोंडातून कधी निघाले नाहीत. सात वर्षं मी इमारती पाडायला सांगत होतो. पाडायला सांगणाऱ्याला कुणी दोष देत नाही.

हे सगळं मी एनॉकला सांगितलं. त्याने पाइप फरशीवर झटकला. मग म्हणाला, "त्या पोराचं मला काही सांगता येणार नाही. ते तुमचं तुम्हालाच वाहायला लागणार. पण ही भिंत मी बघितलीय, आणि ही पायरी मी बसवलीय. ही पडली तर माझ्या डोक्यावर पडेल, म्हणून मी इथे बसलोय. तुम्ही कशाला माझं ओझं उचलताय?" आणि खिशातला पाव अर्धा तोडून माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला. तुमची चार गाणी होईपर्यंत आम्ही तिथे बसलो होतो. मग मी उठून पेन्सिल पाहिली. पट्टी कोरी होती. तिथेच होरेस डॉबनीच्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली, आणि तू खाली वाकून ती वाचलीस, नीट आहे ना म्हणून.

दोन नोव्हेंबरला प्रसूतिगृह उघडलं. बर्फ पडायच्या आत. पहिल्या हिवाळ्यात किती बाळं झाली तो आकडा तुला तोंडपाठ असेल. मला एवढं माहीत आहे की त्या हिवाळ्यात आयव्हीसारखं कुणाचं झालं नाही.

त्या उद्घाटनाच्या दिवशी तू वरच्या तुझ्या नव्या खोलीत चहा मांडला होतास. आपल्या तिघांसाठीच, साखरेचं रेशन साठवून केलेला केक होता असं एनॉकने मला नंतर सांगितलं. एनॉक वर गेला. तू कठड्यावरून वाकून हाक मारलीस, "येताय ना, मिस्टर टेट? की आता सिरिल म्हणू?" आणि मी खालून म्हटलं की माझी गाडी सुटेल. संध्याकाळपर्यंत आणखी गाड्या होत्या हे तुलाही ठाऊक होतं, मलाही.  त्यानंतर आपण चांगले मित्र झालो, नावाने हाका मारू लागलो, पण तू मला पुन्हा वर चहाला बोलावलं नाहीस. दोन वर्षांनी मी इडिथशी लग्न केलं. तू फुलं पाठवलीस. इडिथबरोबरची सव्वीस वर्षं सुखाची गेली, आणि माझी कशाबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवशी मी का आलो नाही याचं तू जे कारण धरून चालली असशील, ते खरं नव्हतं, एवढं मला तुला सांगायचं आहे.

डॉर्कस, मी त्या जिन्यावर कधी चढलोच नव्हतो. सही केली, लोकांना वर चढताना पाहिलं, त्याच्याखाली बसलो, पण पहिल्या पायरीवर माझा पाय उचलेना. पर्सीला मी वर जा म्हटलं आणि स्वतः खाली उभा राहिलो. तेव्हापासून असल्या जिन्यासमोर उभा राहिलो की मी खालीच उभा राहायचो. मागच्या जिन्याने तुझ्या दारात आलो असतो तर तू पहिला प्रश्न तोच विचारला असतास. पुढे दरवर्षी तपासणीला आलो तेव्हा मागच्या जिन्यानेच चढलो आणि मोठा जिना खालून पाहिला. रोझमंड झाली तेव्हा बापांना वर सोडत नसत; बाकीचे कुरकुरत होते, मी मनातल्या मनात तुझ्या नियमाचे आभार मानत होतो. आज रोझमंडला आणि बाळाला घरी आणायचं होतं. जावई कीथ गाडी घेऊन दारात थांबला आणि मला म्हणाला, जा, वरून त्यांना घेऊन या. मागचा जिना लिफ्ट बसवायच्या कामासाठी बंद केलेला. तिथली एक लहानशी नर्स म्हणाली, "असे इकडून या ना आजोबा, पक्का आहे तो." तिने ते इतकं सहज म्हटलं, जसं एकतीस वर्षं तिथे सगळे म्हणत आलेत. मी कठडा धरला आणि एक-एक मोजत तेहतीस पायऱ्या चढलो. वर रोझमंडने माझं तोंड पाहिलं आणि बाळ माझ्या हातात दिलं, कारण तिला टाके आहेत आणि उतरताना तिला दोन्ही हातांनी कठडा धरायचा होता. तेव्हा उतरताना कठडा धरायला माझ्याकडे हातच उरला नाही. वळणावर बाळ शिंकलं. एवढंसं नाक, पण शिंक घुमटापर्यंत गेली, आणि तिचं तिलाच इतकं आश्चर्य वाटलं की मी तिच्याकडे पाहत राहिलो. पुढे पाहतो तर पायाखाली दिवाणखान्याची फरशी होती. एनॉकचे आभार मानायला आता उशीर झाला आहे. तुझे मानायला झालेला नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात बाळाच्या बारशाला ये. पेनथॉर्पची मेट्रन वरच्या खोलीत आपल्याला चहा द्यायला तयार आहे, मी निघताना विचारून आलोय. या वेळी मी गाडीची वेळ सांगणार नाही.

तुझाच,
सिरिल